निधी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांचे ऋण

धर्मग्रामाच्या सणाचा खर्च असो, ख्रिस्तमंदिराच्या छपराची दुरुस्ती असो, एखाद्या आजारी बांधवाच्या शस्त्रक्रियेसाठी करावयाची मदत असो किंवा मिशन रविवारचे संकलन असो, या सर्व कार्यांसाठी पैसा लागतो आणि तो पैसा कोणीतरी दारोदार जाऊन गोळा केलेला असतो. कार्य पूर्ण झाल्यावर देणगीदारांची नावे फलकावर लागतात, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते आणि धर्मगुरू सर्वांचे आभार मानतात. पावतीपुस्तक घेऊन उन्हात फिरलेली भगिनी मात्र बहुधा मंडपाच्या मागील बाजूस चहाचे पेले उचलत असते.

या स्वयंसेवकांविषयी धर्मग्रामाने कृतज्ञता कशी व्यक्त करावी, त्यास पवित्र शास्त्राचा व ख्रिस्तसभेच्या परंपरेचा कोणता आधार आहे, आणि मांजरीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या परिसरातील श्रद्धावंतांनी प्रत्यक्षात काय करावे, याची माहिती वाचकांना एकत्र मिळावी म्हणून आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

स्वयंसेवक नेमके काय देतो?

वर्गणी गोळा करणारा स्वयंसेवक आपला वेळ देतो, हे सर्वांना दिसते. त्याहून मौल्यवान अशी आणखी एक गोष्ट तो देतो, ती म्हणजे स्वतःची पत. शेजारच्या घराचे दार वाजवून तो सांगतो, "छपरासाठी पैसे हवे आहेत." त्या घरातील माणूस धर्मग्रामाच्या अर्थ समितीला ओळखत नाही, धर्मगुरूंनाही कदाचित ओळखत नसेल. तो ओळखतो दारात उभ्या असलेल्या या ताईला किंवा दादाला. देणगी दिली जाते ती या ओळखीवर.

म्हणून त्या पैशाचे पुढे काय झाले, हे देणगीदारास कळले नाही, तर शब्द कोणाचा खोटा पडतो? धर्मग्रामाचा पडतो, परंतु त्याआधी त्या स्वयंसेवकाचा पडतो. पुढील वर्षी त्याच दारात जाण्यास तो संकोचतो. "या वेळी दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, फादर," असे तो नम्रपणे म्हणतो. आपण त्यास उत्साह कमी झाला असे समजतो. वास्तविक त्याच्या पाठीशी आपण उभे राहिलो नाही, हे त्याचे कारण असते.

आमच्या मते स्वयंसेवकाचे आभार मानण्याची पहिली आणि अटळ रीत म्हणजे हिशेब देणे. शाल, फुले, स्नेहभोजन या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या हिशेबानंतर येतात.

पवित्र शास्त्रातील आधार

नव्या करारात निधी पोहोचविणाऱ्या एका माणसाचे नाव व त्याच्या सन्मानाची आज्ञा, दोन्ही नोंदलेली आहेत. त्याचे नाव एपफ्रदीत. संत पौल बंदिवासात असताना फिलिप्पै येथील ख्रिस्ती मंडळीने त्यांच्यासाठी मदत गोळा केली आणि ती एपफ्रदीताच्या हाती पाठविली. या सेवेत तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारी पोहोचला. आपल्या आजाराची बातमी घरी पोहोचली म्हणून तो अस्वस्थ झाला होता. संत पौलांनी त्याला परत पाठविताना मंडळीला लिहिले की, त्याचे आनंदाने स्वागत करा आणि अशा माणसांचा मान राखा (फिलिप्पैकरांस पत्र २:२५-३०). त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात त्यांनी देणगी पाठविणाऱ्यांविषयीचा आनंद स्वतंत्रपणे व्यक्त केला आहे. देणाऱ्याचे आभार आणि आणणाऱ्याचा सन्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

यरुशलेम येथील गरीब श्रद्धावंतांसाठी संत पौलांनी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांत मोठे संकलन केले होते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईप्रमाणे काही बाजूला ठेवावे, आणि मंडळीने पसंत केलेल्या माणसांच्या हाती ते पाठवावे, अशी त्यांची सूचना होती (१ करिंथ १६:१-४). या कामावर तीताला पाठविताना त्यांनी त्याची उघड प्रशंसा केली. त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला, आणि एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणासही बोट दाखविता येऊ नये म्हणून आपण ही काळजी घेत आहोत, असे कारणही सांगितले (२ करिंथ ८:१६-२४). स्वयंसेवकाची प्रशंसा आणि व्यवहाराची चोख व्यवस्था या दोन्ही गोष्टी तेथे एकाच परिच्छेदात येतात. प्रेषिताला त्या परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आपल्यालाही वाटू नयेत.

जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचताना अनेकांना कंटाळा येतो, कारण त्यात केवळ नावे आहेत. यरुशलेमच्या तटाचा कोणता भाग कोणी बांधला याची ती यादी आहे. त्यात सोनार आहेत, अत्तरे बनविणारे आहेत, व्यापारी आहेत, आणि आपल्या कन्यांसह काम करणारा शल्लूमही आहे. पवित्र शास्त्राने एक पूर्ण अध्याय या नावांसाठी राखून ठेवला, यात आपल्यासाठी बोध आहे. नाव लक्षात ठेवणे हा सन्मानाचा सर्वांत साधा आणि सर्वांत टिकाऊ प्रकार आहे.

निर्गम ग्रंथातील आणखी एक प्रसंग येथे उपयोगी आहे. पवित्र मंडपासाठी लोकांनी इतक्या भेटी आणल्या की बसालेल, अहलियाब व इतर कारागीर मोशेकडे जाऊन म्हणाले, आता पुरे झाले. मोशेने लगेच छावणीत सांगून भेटी थांबविल्या (निर्गम ३६:२-७). गरज पूर्ण होताच संकलन थांबविणे, हा देणाऱ्यांचा आणि गोळा करणाऱ्यांचा मान राखण्याचाच एक प्रकार होय.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातून

दुसऱ्या शतकाच्या मध्यास हुतात्मा संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात ऐपत असलेल्यांनी स्वेच्छेने दिलेले दान प्रमुखाजवळ जमा केले जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांना साहाय्य होई, असा उल्लेख आहे. संकलन हे आरंभापासून आपल्या उपासनेशी जोडलेले आहे.

एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समधील ल्यों शहराची पोलीन झारिको हिची कथा या विषयावर विचार करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी. १७९९ मध्ये रेशीमव्यवसायातील एका संपन्न कुटुंबात तिचा जन्म झाला. मिशनकार्यासाठी पैसा उभा करण्याची तिची योजना अगदी सोपी होती. दहा माणसांचा एक गट. प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी लहान नाणे, द्यायचे. आणि प्रत्येक गटासाठी पैसे गोळा करणारा एक जण. दहा गटांचे मिळून शंभर, आणि त्या शंभरांवर पुन्हा एक जबाबदार व्यक्ती. रेशीम कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांनी हे काम उचलून धरले. त्यातूनच १८२२ मध्ये श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली. शंभर वर्षांनी, १९२२ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी तिला परमगुरुपीठाची संस्था म्हणून मान्यता दिली आणि १९२६ मध्ये मिशन रविवार सुरू केला. आज ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या ख्रिस्तमंदिरांत, आपल्या पुणे धर्मप्रांतातही, जे संकलन होते त्याचे मूळ त्या दहा-दहांच्या गटांत आहे.

आणि पोलीनचे काय झाले? कामगारांसाठी आदर्श कारखाना उभारण्याच्या तिच्या पुढील प्रयत्नात तिची फसवणूक झाली. कर्ज फेडता फेडता ती निर्धन झाली. ९ जानेवारी १८६२ रोजी तिचा मृत्यू झाला, तेव्हा तिची नोंद शहराच्या गरिबांच्या यादीत होती. ज्या संस्थेने तिच्या कल्पनेवर जगभर निधी गोळा केला, तेथे तिच्या नावाची आठवण बराच काळ पुसट झाली होती. २२ मे २०२२ रोजी ल्यों येथे तिला धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. ख्रिस्तसभेने आपले ऋण मान्य केले, पण तोपर्यंत १६० वर्षे लोटली होती. आपल्या धर्मग्रामातील पोलीनला एवढा काळ थांबावे लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव

लोकांच्या लहान लहान देणग्यांतून मोठे कार्य उभे करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत, अशी ती योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि १९०८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. एकेका पैशातून कारखाना उभा करायचा तर किती पायपीट करावी लागली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. देणगी जितकी लहान, तितके गोळा करणाऱ्याचे कष्ट अधिक.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतील गृहिणी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. त्यास मुष्टिफंड म्हणत. ती मूठ घरोघरी जाऊन आणणारे हात होते म्हणूनच मुलांच्या ताटात भाकरी आली.

पुण्यातील हिंगणे येथील अनाथ बालिकाश्रमासाठी महर्षी कर्वे यांच्याबरोबर पार्वतीबाई आठवले यांनी गावोगावी फिरून निधी गोळा केला. स्वतः विधवा असलेल्या या स्त्रीने १९१८ मध्ये अमेरिकेचा प्रवास केला. इंग्रजी भाषेचा सराव नसताना तेथे कष्टाची कामे केली आणि आश्रमासाठी मदत मिळविली. त्यांचे 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. संस्थांच्या अहवालांत देणगीदारांचे आकडे असतात. निधी मागणाऱ्याचा अनुभव त्याच्याच शब्दांत वाचावयास मिळणे दुर्मीळ. धर्मग्रामांनी आपल्या ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या आठवणी लिहून घेतल्या, तर तोही त्यांचा सन्मानच ठरेल.

याच संदर्भात येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाकर यांचे स्मरण होते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांनी पाणलोट विकासाचे जे कार्य उभे केले, त्यात गावकऱ्यांचे श्रमदान हा त्यांचा वाटा म्हणून धरला जात असे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याचे श्रमही वहीत लिहिले जावेत, हा विचार मोलाचा आहे.

गुप्त दान आणि जाहीर सत्कार

येथे काही श्रद्धावंत एक योग्य शंका उपस्थित करतात. उजवा हात काय करतो हे डाव्या हातास कळू नये, अशी प्रभू येशूची शिकवण आहे (मत्तय ६:१-४). मग सेवा करणाऱ्याचा सत्कार कशासाठी?

ही शिकवण देणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने आपल्या दानाचा डांगोरा पिटू नये. घेणाऱ्याने आभार मानू नयेत, असे प्रभूने कोठेही सांगितले नाही. उलट, बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, तेव्हा उरलेले नऊ कोठे आहेत, असे त्यांनी विचारले (लूक १७:११-१९). स्वयंसेवकाने मानाची अपेक्षा धरू नये, हे खरे. परंतु या कारणाने धर्मग्रामाने आपले कर्तव्य टाळणे म्हणजे दुसऱ्याच्या नम्रतेचा फायदा घेणे होय.

तथापि सत्काराचे स्वरूप कसे असावे, यास मर्यादा आहेत. सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे रकमेवरून क्रमांक लावू नये. एका स्वयंसेवकाच्या वाट्याला मोठ्या सदनिकांची सोसायटी येते, दुसऱ्याच्या वाट्याला भाड्याच्या खोल्यांची चाळ येते. पहिला एका संध्याकाळी जे आणतो, ते दुसरा महिनाभर फिरून आणू शकत नाही. मंदिराच्या दानपेटीजवळ बसून प्रभूने गरीब विधवेची दोन नाणी ज्या मापाने मोजली (मार्क १२:४१-४४), तेच माप येथेही लागू आहे. मांजरीचे नाव द्राक्ष संशोधनाशी जोडलेले आहे; द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला येथील वाचकांस वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. शेवटच्या तासाला आलेल्यालाही मालकाने उणे लेखले नाही.

हिशेबाविषयी ख्रिस्तसभेचे व शासनाचे नियम

हिशेब देणे ही केवळ सदिच्छा नाही, तो नियम आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील पुढील तरतुदी प्रत्येक स्वयंसेवकास माहीत असाव्यात:

१. प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असावी (कलम ५३७).

२. खासगी व्यक्तीने कोणत्याही धार्मिक कारणासाठी निधी मागावयाचा असल्यास स्वतःच्या व त्या स्थळाच्या धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी आवश्यक आहे (कलम १२६५).

३. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे (कलम १२६७).

४. जमाखर्चाच्या वह्या व्यवस्थित ठेवाव्यात व वर्षअखेरीस अहवाल तयार करावा (कलम १२८४).

५. श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा (कलम १२८७).

शासनाच्या नियमांचेही भान ठेवावे. धार्मिक वा धर्मादाय कारणासाठी जनतेकडून वर्गणी गोळा करण्याविषयी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क मध्ये तरतूद आहे. गणेशोत्सव मंडळे धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घेतात ती याच कलमाखाली. आयकरात सवलत हवी असलेल्या देणगीदाराकडून २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नये, कारण तिला सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकाची देणगी स्वयंसेवकाने परस्पर स्वीकारू नये. विदेशी योगदानाचा कायदा कडक आहे. अशा देणगीदारास थेट धर्मग्रामाच्या कार्यालयाकडे पाठवावे.

या गोष्टी स्वयंसेवकांना आधीच समजावून सांगणे, हेही त्यांच्याविषयीच्या आदराचे लक्षण आहे. नियम न सांगता माणसाला दारोदार पाठविणे आणि नंतर अडचण आल्यावर त्याच्याकडेच बोट दाखविणे, याहून मोठी कृतघ्नता नाही.

मांजरी परिसरात काय करता येईल?

पुणे-दौंड लोहमार्गावरील मांजरी हे एकेकाळी शेतीचे गाव. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र व वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांमुळे राज्यभरच्या शेतकऱ्यांना हे नाव परिचित आहे. हडपसरची वस्ती या बाजूस सरकत गेली आणि २०२१ मध्ये मांजरी बुद्रुकचा समावेश पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत झाला. जुन्या घरांशेजारी आता बहुमजली इमारती आहेत. शेजारी एकमेकांना ओळखतातच असे नाही, आणि कित्येक इमारतींच्या फाटकावर नोंदवहीत नाव लिहिल्याशिवाय आत जाता येत नाही. अशा ठिकाणी वर्गणीसाठी जाणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. म्हणूनच पुढील सूचना आम्ही विशेषत्वाने या परिसरातील धर्मग्रामीयांपुढे ठेवीत आहोत.

मोहिमेपूर्वी: स्वयंसेवकांना रविवारच्या मिस्सानंतर वेदीसमोर बोलावून आशीर्वाद द्यावा. प्रत्येकास धर्मगुरूंच्या सहीचे ओळखपत्र व क्रमांक घातलेले पावतीपुस्तक द्यावे. दोघांच्या जोडीने पाठवावे. प्रभूनेही शिष्यांना दोघे दोघे असेच पाठविले. लहान मुलांना मोठ्या माणसांशिवाय कधीही पाठवू नये. रिक्षाचे भाडे व फोनचा खर्च धर्मग्रामाने सोसावा. मोबाइलवरून येणारी रक्कम धर्मग्रामाच्या खात्यातच जमा व्हावी. स्वयंसेवकाच्या खासगी खात्यात एक रुपयाही घेऊ नये. यात अविश्वास नाही. उद्या कोणी शंका घेतली तर त्याचे नाव स्वच्छ राहावे, यासाठी ही काळजी आहे.

मोहीम चालू असताना: धर्मगुरूंनी स्वतः आठवड्यातून एकदा तरी सर्वांची भेट घ्यावी. कोणत्या दारात अपमान झाला, कोठे काही विचारले गेले, हे ऐकून घ्यावे. निधी मागणाऱ्यास नकार सोसावा लागतो, आणि तो नकार बहुधा त्याच्यासाठी नसतो. जुन्या एखाद्या नाराजीचा राग त्याच्यावर निघतो. ते ऐकून घेणारे कोणी असले, तर तो भार अर्धा होतो. जमा रक्कम दर वेळी किमान दोघांनी मोजावी व लगेच सही करून पोच द्यावी.

मोहिमेनंतर: एका महिन्याच्या आत हिशेब सूचनाफलकावर लावावा. किती जमले, किती खर्च झाला, किती शिल्लक आहे आणि शिल्लक रकमेचे काय करणार, या चार ओळी पुरेशा आहेत. त्याची एकेक प्रत प्रत्येक स्वयंसेवकास द्यावी, म्हणजे तो पुन्हा त्या दारात जाऊन सांगू शकेल, "तुम्ही दिलेल्या पैशाचे हे झाले." अन्यधर्मीय शेजाऱ्यांनी दिलेल्या वर्गणीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचा आपल्या मंदिराशी असलेला एकमेव दुवा तो स्वयंसेवकच असतो.

काम पूर्ण झाल्यावर ते पाहण्यासाठी सर्वप्रथम स्वयंसेवकांना बोलवावे. छप्पर झाले असेल तर उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना मंदिरात न्यावे. कोणाच्या उपचारांसाठी निधी दिला असेल तर ती व्यक्ती बरी झाल्याचे, तिची संमती घेऊन, त्यांना कळवावे. आणि ती बरी झाली नसेल, तरीही कळवावे. आपण गोळा केलेला पैसा व्यर्थ गेला नाही, एका कुटुंबास शेवटच्या दिवसांत आधार मिळाला, हे त्यांना समजले पाहिजे.

आभाराचे पत्र

आभार मानणारे छापील पत्र सर्वांना एकसारखे वाटण्यापेक्षा धर्मगुरूंनी चार ओळी हाताने लिहिलेल्या बऱ्या. नमुन्यादाखल एक मसुदा देत आहोत:

"प्रिय ताई, प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो. मंदिराच्या छपरासाठी तुम्ही आपल्या वस्तीतील घरोघरी गेलात. तुमच्या पावतीपुस्तकातील सर्व रक्कम जमा झाली असून हिशेबाची प्रत सोबत जोडली आहे. मागील आठवड्यात पाऊस झाला, तेव्हा मंदिरात एकही थेंब गळला नाही. पहिल्या शुक्रवारचे मिस्साबलिदान तुम्हा सर्व स्वयंसेवकांच्या कुटुंबीयांसाठी अर्पण करीत आहोत. पुढील वर्षी तुम्हाला विश्रांती हवी असल्यास मोकळेपणाने सांगावे."

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. तेच तेच काम तेच तेच लोक वर्षानुवर्षे करीत राहतात, कारण ते नाही म्हणत नाहीत. विश्रांतीची मुभा देणे हीसुद्धा कृतज्ञताच आहे.

सन्मान केव्हा व कोठे करावा?

मिस्साबलिदान हे स्वतःच परमेश्वराचे उपकारस्मरण आहे. त्यात सत्कार समारंभ घुसवू नये. थोडक्यात आभार मानावयाचे असल्यास ख्रिस्तशरीर ग्रहणानंतरच्या प्रार्थनेनंतर, सूचनांच्या वेळी मानावेत. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत स्वयंसेवकांसाठी एक विनंती जरूर घालावी. शाल वा मानचिन्ह द्यावयाचे असल्यास मिस्सानंतर प्रांगणात द्यावे.

योग्य दिवस अनेक आहेत. १० ऑगस्टला येणारा उपधर्मगुरू व हुतात्मा संत लॉरेन्स यांचा सण विशेष उचित होय. रोमच्या ख्रिस्तसभेच्या द्रव्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि ख्रिस्तसभेची संपत्ती कोठे आहे, असे विचारता त्यांनी गरिबांकडे बोट दाखविले, अशी परंपरा आहे. मिशन रविवार आहेच. ५ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ मध्ये ठरविलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे. २०२५ च्या जयंती वर्षात ८ व ९ मार्च हे दिवस रोममध्ये स्वयंसेवकांसाठी राखून ठेवले होते, तर २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे.

दीर्घकाळ सेवा केलेल्या प्रापंचिकांसाठी परमगुरुपीठाचे सन्मानही आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८८८ मध्ये सुरू केलेले 'प्रो एक्लेसिया एत पोंतिफिचे' हे पदक त्यांपैकी एक. परंतु अशा सन्मानाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. धर्मग्रामात एक वही ठेवावी. प्रत्येक मोहिमेचे नाव, वर्ष व त्यात फिरलेल्या सर्वांची नावे तीत लिहावीत. तो आपल्या मांजरीच्या नहेम्याचा तिसरा अध्याय होईल. सर्व मृतांच्या स्मरणदिनी त्या वहीतील दिवंगतांची नावे वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.

काय टाळावे?

• सर्वाधिक रक्कम आणणाऱ्यास बक्षीस देणे.
• गोळा केलेल्या निधीतूनच भेटवस्तू व भोजनावर खर्च करणे. तो निधी दुसऱ्या कारणासाठी दिलेला आहे. स्नेहभोजनाचा खर्च वेगळा उभा करावा.
• राजकीय वा व्यावसायिक पाहुण्यांच्या सत्कारात स्वयंसेवकांचा सत्कार शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलणे.
• "सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे आभार" असे म्हणून मोकळे होणे. धर्मग्रामात कोणी अज्ञात नसावा.
• पडद्यामागे राहिलेल्यांना विसरणे. पावत्या लिहिणारे, नाणी मोजणारे, फिरणाऱ्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या आजी, हेही स्वयंसेवकच आहेत.

उपसंहार

फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताचे स्वागत कसे केले, हे पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही. पत्र त्यांच्या हाती पोहोचले, सूचना स्पष्ट होती, पुढचे त्यांच्यावर सोपविले होते. आपल्याही धर्मग्रामात पावतीपुस्तक मिटवून कोणी भगिनी किंवा बंधू घरी परतला असेल. येत्या रविवारी धर्मगुरूंनी, अर्थ समितीच्या सभासदांनी आणि त्या वस्तीतील प्रत्येक कुटुंबाने त्यांना नावाने हाक मारावी, कामाची हकिकत विचारावी आणि हिशेबाचा कागद त्यांच्या हाती द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. प्रभू त्यांच्या कष्टांचे सार्थक करो.

— संपादक